गरम पाण्याची चुकलेली वाट

इंग्लंडमधील अनेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी टांगलेली असते. तिला कॉम्बी बॉयलर म्हणतात. हिवाळ्यात खोल्यांतील रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवायचे आणि नळ सोडताच अंघोळीला गरम पाणी द्यायचे, अशी दोन कामे ही एकटी पेटी करते. आपल्याकडे बंबात किंवा गिझरच्या टाकीत पाणी आधी तापवून ठेवतात. कॉम्बीमध्ये सहसा अशी टाकी नसते. नळाचे पाणी वाहता वाहताच तापते.

याला किती शक्ती लागेल? समजा, मिनिटाला १० लिटर पाणी १० अंश सेल्सियसवरून ४५ अंशांपर्यंत न्यायचे आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे मिनिटाला १० × ४.२ × ३५ = १४७० किलोज्यूल. याला ६० ने भागले की २४.५ किलोवॅट येतात. आपल्या घरातला विजेचा गिझर २ किंवा ३ किलोवॅटचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या छोट्या पेटीतील गॅसची ज्योत किती दांडगी असेल याची कल्पना येईल.

एवढी उष्णता एकाच वेळी नळालाही द्यायची आणि रेडिएटरनाही, हे जमणारे नाही. म्हणून बॉयलरच्या पोटात पाण्याची वाट वळवणारी एक झडप बसवतात. तिचे नाव डायव्हर्टर व्हॉल्व्ह. रेडिएटरमधून फिरणारे पाणी बंदिस्त असते. पंप तेच तेच पाणी फिरवत राहतो. नळ बंद असताना झडप हे तापलेले पाणी रेडिएटरकडे सोडते. नळ उघडला की ती वाट बंद होते व पाणी पोलादी पातळ पत्र्यांच्या एका जुडग्याकडे वळते. पत्र्याच्या एका अंगाने हे तापलेले पाणी आणि दुसऱ्या अंगाने नळाचे थंड पाणी वाहते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते. शेताला पाणी देताना एका वाफ्याचे दार मातीने बंद करून दुसऱ्याचे मोडतात, तोच हा प्रकार. आणि मातीचे दार नीट बसले नाही तर जे होते, तेच येथेही होते.

उत्तर लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जानेवारीत नेमके हेच झाले. अंघोळीचे पाणी कोमट येई. त्या भागातले पाणी जड आहे. तेव्हा पत्र्यांवर चुन्याचा थर बसला असेल असे समजून एका कारागिराने ते पत्र्यांचे जुडगे बदलून टाकले. बिल मोठे झाले, पाणी मात्र कोमटच राहिले. त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला पेटी न उघडता चार मापे घ्यायला सांगितली. साधने घरचीच : बादली, घड्याळ, स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि गॅसचा मीटर.

घर तापवण्याचे बटण बंद करून त्याने गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. एका मिनिटात १० लिटर पाणी भरले. थंड पाणी ८ अंश, ‘गरम’ पाणी २९ अंश. दोन मिनिटांत गॅसचा मीटर ०.०८२ घनमीटर पुढे सरकला. आणि चौथे माप हाताचे : वरच्या मजल्यावरचा रेडिएटर हळूहळू ऊन होऊ लागला.

आता हिशेब पाहा. नळाच्या पाण्याला मिळालेली शक्ती १० × ४.२ × २१ ÷ ६० = १४.७ किलोवॅट. गॅसचे काय? नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरपासून सुमारे ३९ मेगाज्यूल उष्णता मिळते. १२० सेकंदांत ०.०८२ घनमीटर म्हणजे सुमारे २६.७ किलोवॅट. त्यातले नव्वद टक्के पाण्यात उतरले असे धरू, म्हणजे २४ किलोवॅट झाले. बॉयलरवरच्या पाटीवर हाच आकडा होता! ज्योत आपले काम चोख करीत होती. मग उरलेले ९.३ किलोवॅट गेले कोठे? उत्तर वरच्या मजल्यावर तापत होते.

पत्र्यांवर थर असता तर चित्र वेगळे दिसले असते. उष्णता पलीकडे न गेल्यामुळे बंदिस्त पाणी तापलेलेच परत आले असते, बॉयलरने ज्योत आपोआप बारीक केली असती, मीटर मंद चालला असता आणि रेडिएटर गार राहिला असता. मीटरकडे पाच मिनिटे पाहिले असते तर ते पत्रे विकत घ्यावे लागले नसते. एक सावधगिरी मात्र हवी. बॉयलरलगतची तांब्याची नळी नुसत्या उष्णतावहनानेही गरम लागते. म्हणून हात लावायचा तो दूरच्या रेडिएटरला.

पुढचे काम घरी करण्याचे नव्हे. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणांवर काम करणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असावे लागते, ही नोंदणी १ एप्रिल २००९ पासून सुरू आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा नियम जाचक वाटत नाही.

नोंदणी असलेला दुसरा कारागीर आला. वीज बंद करून त्याने झडपेवरची छोटी मोटर काढली. मोटर ठीक होती. मग झडपेची दांडी अंगठ्याने दाबून पाहिली. स्प्रिंगने ती झटकन परत यायला हवी होती. ती अर्ध्या वाटेतच थांबली. बॉयलरखालच्या तोट्या बंद करून आतले पाणी काढले आणि झडपेचा आतला भाग बाहेर आला, तेव्हा त्याच्या रबरी बैठकीवर काळा गाळ चिकटलेला होता व रबराची कड झिजली होती.

हा काळा गाळ मोठा मजेदार पदार्थ आहे. रेडिएटर पोलादाचे असतात. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपला की तांबडा गंज होत नाही. लोखंडाची पाण्याशीच सावकाश क्रिया होऊन मॅग्नेटाइट बनते. त्यात लोखंडाचे ३ व ऑक्सिजनचे ४ अणू असतात. पाण्यातला हायड्रोजन मोकळा होतो आणि रेडिएटरच्या माथ्याशी साठतो. तेथून सोडलेली ‘हवा’ पुष्कळदा हवा नसतेच, तेव्हा जवळ काडी ओढू नये! मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटते. म्हणूनच परतीच्या नळीवर चुंबक असलेली गाळणी बसवतात. ती या घरात नव्हती.

नवा भाग बसवताना रबरी कड्यांना सिलिकोनचे ग्रीस लावले. साधे खनिज तेल चालत नाही, कारण या जातीचे रबर त्याने फुगते. मग गाळ धुऊन काढला, गंजरोधक द्रव्य घातले, गाळणी बसवली आणि बंदिस्त पाण्याचा दाब पुन्हा १.२ बारवर आणला. नळाचे पाणी आता ४२ अंशांवर आले. २४ किलोवॅटची सगळी उष्णता मिनिटाला १० लिटर पाण्यात गेली तर किती अंश वाढ होईल, हे तुम्हीच काढून पाहा.

आणि आणखी एक प्रश्न. हीच झडप उलट बाजूला, म्हणजे नळाच्या वाटेवरच अडकून बसली आणि घर तापवण्याचे बटण चालू केले, तर रेडिएटर, ज्योत आणि गॅसचा मीटर यांचे काय होईल?