'सी' ड्राइव्हची कुळकथा

संगणक उघडला की 'सी ड्राइव्ह' दिसतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण मुळाक्षरांची सुरुवात 'ए' पासून होत असता संगणकाची सुरुवात 'सी' पासून का व्हावी? 'ए' आणि 'बी' गेले कुठे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपण डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या इतिहासापाशी येऊन पोहोचतो. हा इतिहास विज्ञान शाखेचा मानला जातो. परंतु वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तो अधिक बारकाईने वाचावा असे मला वाटते.

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे काय? जुन्या पेढीवरचे दिवाणजी डोळ्यांपुढे आणावेत. शेठजींनी "अमक्याचे खाते काढा" एवढेच म्हणायचे. ती वही कोणत्या कपाटात, कितव्या खणात आहे हे दिवाणजींनी पाहायचे. संगणकातील माहिती तबकडीवर कुठे ठेवायची, ती केव्हा काढायची, पडद्यावर आणि छपाईयंत्रावर कशी पाठवायची, ही सारी दिवाणगिरी कार्यप्रणाली करते.

लहान संगणकांसाठी असा पहिला नामांकित दिवाणजी तयार केला तो अमेरिकेतील गॅरी किल्डॉल यांनी. कॅलिफोर्नियातील मॉंटेरी येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते अध्यापन करीत. १९७४ साली त्यांनी इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरसाठी 'सीपी/एम' ही प्रणाली लिहिली. पुढे त्यांनी एक मोठी युक्ती केली. यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला 'बायॉस' असे नाव दिले. तेवढा भाग बदलला की तीच प्रणाली कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालू लागे. तबकडीयंत्रांना ए, बी अशी अक्षरे देण्याची आणि फाइलच्या नावाला आठ अक्षरे व टिंबापुढे तीन अक्षरे देण्याची पद्धत डॉसने सीपी/एमकडूनच घेतली.

१९८० साली आयबीएम या बलाढ्य कंपनीने वर्षभरात छोटा संगणक बाजारात आणण्याचे ठरविले. वेळ थोडा असल्याने सुटे भाग आणि प्रणाली बाहेरून घ्यायच्या होत्या. कंपनीचे अधिकारी किल्डॉल यांच्या 'डिजिटल रिसर्च' या संस्थेकडे गेले. तेथे गुप्ततेच्या करारावर सही करण्यावरून बोलणी अडली. त्या दिवशी नेमके काय घडले याच्या निरनिराळ्या हकिकती सांगितल्या जातात. सौदा जमला नाही एवढे मात्र खरे. मग आयबीएमने मायक्रोसॉफ्टला विचारले. बेसिक या भाषेसाठी या कंपनीशी त्यांची बोलणी आधीच चालू होती.

मायक्रोसॉफ्टपाशी स्वतःची अशी प्रणाली नव्हती! परंतु सिएटलमधील 'सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स' या लहान कंपनीत टिम पॅटरसन या तरुणाने इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरसाठी एक प्रणाली लिहिली होती. ती सीपी/एमच्या धर्तीवर होती आणि तिचे पहिले नाव 'झटपट आणि ओबडधोबड' अशा अर्थाचे होते. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर १९८० मध्ये २५,००० डॉलर्स देऊन तिचा परवाना घेतला. आपले गिऱ्हाईक आयबीएम आहे हे विकणाऱ्याला कळू दिले नाही. जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर्स देऊन संपूर्ण हक्क विकत घेतले. त्यानंतर पंधरवडाभरातच, १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आयबीएमने आपला 'पीसी' जाहीर केला.

आता खरी मेख पाहा. ही प्रणाली आयबीएमला देताना ती इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला. आयबीएमला तेव्हा यंत्राची विक्री महत्त्वाची वाटत होती. परंतु यंत्राचे भाग बाजारात कोणालाही मिळण्यासारखे होते. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅक कंपनीने आयबीएमच्या पीसीशी मिळताजुळता संगणक जाहीर केला आणि पुढे अशा यंत्रांचे पीकच आले. यंत्र कोणीही विको, त्यात डॉस हवे. आणि डॉस हवे तर मायक्रोसॉफ्टकडे पैसे भरणे आले.

किल्डॉल यांची सीपी/एम-८६ ही प्रणालीही पीसीसाठी मिळत होती. पण तिची किंमत २४० डॉलर्स आणि डॉसची ४०. गिऱ्हाइकाने काय निवडले असेल हे सांगावयास नकोच. सिएटलच्या कंपनीला पुढे न्यायालयीन वादानंतर, १९८६ साली, आपले उरलेले हक्क सोडण्याबद्दल ९,२५,००० डॉलर्स मिळाले. मूळ खरेदीशी ही रक्कम ताडून पाहावी.

डॉसची लाट आपल्याकडेही आली. १९८६ साली बंगळूरमध्ये प्युट्रॉनिक्स ही कंपनी निघाली आणि तिने डॉसवर चालणारा हिशेबाचा प्रोग्राम बाजारात आणला. तोच पुढे 'टॅली' म्हणून घरोघरी, नव्हे दुकानोदुकानी, पोहोचला.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आरंभीच्या पीसीला एक किंवा दोन फ्लॉपी तबकड्यांची सोय असे; 'ए' आणि 'बी' ही अक्षरे त्यांच्यासाठी होती. मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी या यंत्राबरोबर १० मेगाबाइटची स्थिर तबकडी आणि डॉसची दुसरी आवृत्ती आली. त्या तबकडीच्या वाट्याला पुढचे अक्षर आले, ते 'सी'. २००१ साली विंडोज एक्सपी आले आणि घरगुती विंडोजच्या खालचा डॉसचा पाया निघाला. फ्लॉपीही गेली. 'सी' मात्र जागच्या जागी आहे.

किल्डॉल १९९४ साली वारले. त्यांनी घालून दिलेली वहिवाट कोट्यवधी लोक रोज वापरतात, पण त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. आपण कराराचा कायदा बहुधा परीक्षेपुरता पाठ करतो. वस्तू विकली की वापरण्याचा परवाना दिला, आणि परवाना एकट्याला दिला की सर्वांना, हा फरक उत्तरपत्रिकेत चार गुणांचा असतो. आयबीएमला तो केवढ्याला पडला, याची आठवण पुढच्या वेळी 'सी ड्राइव्ह' उघडताना जरूर ठेवावी.