बोटांनी घडणारी विद्या

ज्याची हयात भाषेच्या अध्यापनात गेली, त्याने अभियांत्रिकीविषयी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आज मांडावयाच्या विषयाच्या मुळाशी एक लिपीच आहे. आणि ती लिपी म्हणजे एका अंध विद्यार्थ्याने सिद्ध केलेली अभियांत्रिकी रचना होय.

लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ साली पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी झाला. वडील खोगीर व चामड्याचे सामान बनवणारे कारागीर. त्यांच्या कारखान्यात खेळताना, वयाच्या तिसऱ्या वर्षी, हत्याराचे टोक लुईच्या डोळ्यास लागले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे उठावाने छापलेली असत. डोळ्यांसाठी घडलेली ती वळणे बोटांना उमगण्यास फार वेळ लागे, आणि तशी अक्षरे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहिता येत नसत. शार्ल बार्बिए यांनी बारा टिंबांची पद्धत सुचवली होती. पण ती केवळ उच्चारावर आधारलेली होती, आणि तिचे एक चिन्ह एका स्पर्शात बोटाखाली मावत नसे.

ब्रेलने नेमका हाच दोष हेरला. बोटाच्या अग्राची मर्यादा हे त्याने आपले माप मानले आणि बारांची सहा टिंबे केली: दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. सहा टिंबांतून त्रेसष्ट चिन्हे निघतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीताची स्वरलिपी, सारे त्यांत बसते. १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, त्याने ही रचना बसवली. १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिला अधिकृत मान्यता मात्र १८५४ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी मिळाली. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिच्यात ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि नंतर ‘इ’ येतो. देवनागरीत उच्चाराच्या आधी लिहावी लागणारी वेलांटी तेथे उच्चाराच्या क्रमानेच येते.

गरज ओळखणे, उपलब्ध साधनाचा दोष शोधणे, नवा नमुना करणे, तो तपासणे आणि पुन्हा सुधारणे, हीच अभियांत्रिकीची पद्धती. ती अंध मुलांना वर्गात हाताने अनुभवता येते, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण पुलाचे. दोन विटा वीतभर अंतरावर ठेवाव्यात आणि त्यांवर पुठ्ठ्याचा सपाट तुकडा टाकावा. थोड्याच नाण्यांच्या भाराने तो वाकतो. विद्यार्थ्याने पुलाच्या मध्याखाली बोट धरले, तर हे वाकणे त्याला पहिल्या नाण्यापासून कळते. मग तोच तुकडा पंख्यासारख्या उभ्या घड्या घालून ठेवावा. आता तो कितीतरी अधिक भार पेलतो. वाकताना वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. या दोहोंतील अंतर घड्यांमुळे वाढले, म्हणून ताठपणा वाढला. मापनासाठी खाचांची पट्टी पुरते. आराखड्यासाठी रबरी फलकावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून बोथट टोकाने रेघ ओढली, की ती उठून येते आणि चाचपता येते.

दुसरे उदाहरण घरच्या गरजेचे. पेल्यात चहा ओतताना तो काठापर्यंत आला हे अंध व्यक्तीस कसे कळावे? धातूच्या दोन तारा पेल्याच्या काठावरून आत सोडायच्या. द्रव त्यांना टेकताच विद्युतमंडल पूर्ण होते आणि घंटी वाजते. अशी उपकरणे वापरात आहेत. पण स्वतः घडवताना खरे प्रश्न उभे राहतात. तारा किती लांब असाव्यात? जाड काठावर आकडा बसेल का? साध्या पाण्यातून प्रवाह क्षीण जातो, म्हणून तो वाढवण्यास ट्रान्झिस्टर लागतो. तेलात ही घंटी वाजणार नाही, का? या प्रश्नाच्या उत्तरातच विद्युतवहनाचा संपूर्ण पाठ आहे.

शिक्षकाने एवढेच सांभाळावे: प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, ‘हे असे, ते तिकडे’ न म्हणता ‘उजव्या कडेपासून दोन बोटे आत’ असे नेमके बोलावे, आणि कात्री वा करवत हिरावून न घेता ती कशी धरावी ते हात धरून शिकवावे. शब्दांची ही नेमकेपणाची शिस्त डोळस विद्यार्थ्यांनाही उपकारकच ठरते.

अंध मुलांना गणित व विज्ञान सोडून दुसरे विषय घेण्याची सवलत अनेक ठिकाणी दिली गेली. तिच्यामागे दया होती, यात संशय नाही. परंतु जी सवलत पर्याय म्हणून येते, तीच पुष्कळदा अलिखित सक्ती होऊन बसते. मूल प्रयोगशाळेच्या दारातच थांबते आणि पुढील व्यवसायांची दारेही त्याच क्षणी मिटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाचे कर्तव्य सांगितले आहे. पण कायदा पुठ्ठा कापून देत नाही, ते काम शाळेचे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. स्मृती जपण्यासाठी आपण निधी जमवता, फलक लावता. त्याबरोबरच या शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेबल असे ठेवावे, ज्यावरील प्रत्येक वस्तू हाताने ओळखता येईल. फार खर्च नाही. उद्या एखादे अंध मूल प्रवेशासाठी आले, तर त्याला कोणता विषय सोडावा हे सांगण्याऐवजी, त्या टेबलापाशी नेऊन ‘काय घडवणार?’ असे विचारता येईल.