खंबाटकीच्या मुरमातली नदी

पहिला जोरदार पाऊस झाला की खंडाळ्याच्या पुढे, खंबाटकी घाटात, रस्त्याकडेचा मुरमाचा उतार वाकून बघावा. बोटाएवढ्या रुंद ओघळी, त्यांना मिळणाऱ्या काडीएवढ्या, त्यांनाही मिळणाऱ्या दोऱ्याएवढ्या. त्याचा फोटो नीरेच्या खोऱ्याच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवा. कुठला कशाचा, पटकन सांगता येत नाही! भूवैज्ञानिक खडकाचा फोटो घेताना शेजारी हातोडी किंवा नाणं ठेवतात, ते याचसाठी.

तुकडाही अख्ख्यासारखाच दिसावा, अशा आकारांना बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ म्हटलं. त्याआधी १९६७ साली त्यांनी विचारलं होतं, ब्रिटनचा किनारा किती लांब? उत्तर पट्टीवर ठरतं. खंडाळ्याचा कुठलाही ओढा घ्या. नकाशावर कर्कटकाची टोकं एक सेंटिमीटरवर ठेवून तो मोजा, मग अर्ध्यावर. ओढा लांबलेला असतो, कारण आधी उडी मारून टाळलेली वळणं आता हिशेबात आली. ही वाढ किती झपाट्याने होते, त्यावरून वळणदारपणाचा आकडा निघतो. सरळ रेघेचा १, ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याचा सुमारे १.२५.

मला मात्र खरं नवल वाटतं ते पायऱ्यांचं. ओघळ, ओहोळ, ओढा, नदी ही चढण आपल्या बोलण्यात आहेच. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली प्रवाहांना अशाच पायऱ्या देऊन त्यांची मोजदाद केली. दर पायरीला प्रवाहांची संख्या साधारण तीन ते पाच पटींनी घटते, लहान खोरं असो की मोठं. जॉन हॅक यांना १९५७ साली दिसलं की पाणलोट दहापट झाला, तर मुख्य प्रवाह सुमारे चौपट लांबतो.

असं का व्हावं? एखादी ओघळ शेजारणीपेक्षा जराशी खोल असते. आजूबाजूचं पाणी तिच्याकडे वळतं, जास्त पाणी जास्त खोदतं, शेजारीण कोरडी पडते. बोटभर मुरमात हे एका सरीत घडतं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या कातळात लाखो वर्षांत. खेळ तोच.

घाटमाथ्यावर उत्तरेला पडलेला थेंब नीरेकडे जातो, वीतभर दक्षिणेला पडलेला कृष्णेकडे. नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते आणि भीमा थेट कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला, कृष्णेला मिळते. एकाच झाडाच्या दोन कोवळ्या डहाळ्या इथे खंबाटकीवर पाठीला पाठ लावून उभ्या आहेत.