थंडीचे माप कसे घेतात?

सातारा जिल्ह्यातील शिरवळला गोदरेजचा फ्रीज बनविण्याचा कारखाना आहे. इकडे सांगली-तासगाव भागात बेदाण्याची शीतगृहे आहेत. म्हणजे थंडीचे यंत्र बनविणारा आणि विकत घेणारा, दोघेही आपल्याच मुलखात आहेत. कापड मीटरने मोजता येते, बेदाणा काट्यावर तोलता येतो. पण थंडी कशाने मोजावी? त्यासाठी खास प्रयोगशाळा लागते. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी तिची रचना समजून घ्यावी.

दोन खोल्या

एअरकंडिशनरच्या प्रयोगशाळेत शेजारी-शेजारी दोन बंद खोल्या असतात. एक घराच्या आतली समजायची, दुसरी बाहेरच्या उन्हाची. यंत्राचा थंड भाग पहिलीत, गरम भाग दुसरीत. प्रमाणित चाचणीत पहिलीत 27 अंश सेल्सिअस आणि दुसरीत 35 अंश राखतात. हवेतील ओलावाही ठरलेला असतो. सूतवाल्यांना हे नवे नाही. दमट हवेत सूत वजनाला भरते, म्हणून ते 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवूनच तपासतात.

आता मोजणी. यंत्र पहिल्या खोलीतून जेवढी उष्णता खेचते, तेवढीच विजेच्या हीटरने आणि वाफेने परत सोडायची. तापमान एका जागी टिकले की तराजू बरोबरीत आला. मग खोलीत किती वीज लागली ते पाहून थंडीचा हिशेब काढतात. एक टन म्हणजे सुमारे 3.5 किलोवॅट.

भिंतीतून उष्णता झिरपली तर हिशेब चुकतो. म्हणून भिंतीत जाड फोम भरतात. उत्तम प्रयोगशाळेत खोल्यांभोवती पोकळ जागा सोडून तिथेही आतल्याइतकेच तापमान राखतात. दोन्ही बाजू सारख्या असल्या की गळतीला वाव उरत नाही.

बांधण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: सर्वांत मोठे यंत्र किती टनांचे तपासणार, विजेचा दाब स्थिर कसा राहणार आणि थर्मामीटर व वीजमापकांची ठराविक मुदतीने तपासणी कोण करणार. एनएबीएलची मान्यता हवी असेल तर ही तपासणी चुकत नाही.

खरेदीदाराने काय विचारावे?

सांगलीचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. 35 अंशांवर मोजलेली थंडी तेव्हा पूर्ण मिळत नाही. 2018 पासून एअरकंडिशनरच्या तारांकनात 24 ते 43 अंशांपर्यंतचा हिशेब धरतात, तो याचसाठी. शीतगृहवाल्यांनी तर अधिक सावध राहावे. आतले तापमान जितके खाली, तितके त्याच यंत्राचे टन कमी भरतात. त्यामुळे नुसते ‘किती टन’ विचारू नये. ‘आत किती आणि बाहेर किती अंशांवर मोजले’ हे विचारून चाचणीचा कागद मागावा. हंगामाचा सगळा बेदाणा त्या एका आकड्याच्या भरवशावर ठेवायचा असतो.

कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. थंडी डोळ्यांना दिसत नाही, पण ती विकणाऱ्यालाही हाच हुकूम लागू आहे.