न दिसणारे काम : चाकूरकरांची संसद

१९७७च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड आणि लातूर या दोन्ही मतदारसंघांनी काँग्रेसला बाजूला सारून शेतकरी कामगार पक्षाला कौल दिला. नांदेडहून केशवराव धोंडगे दिल्लीला गेले, लातूरहून उद्धवराव पाटील. तीनच वर्षांत वारे फिरले. १९८० साली या जागांवरून शंकरराव चव्हाण आणि शिवराज पाटील चाकूरकर निवडून आले. चव्हाणांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. जायकवाडी, विष्णुपुरी म्हटले की त्यांचे काम डोळ्यांपुढे उभे राहते, धरण दिसते. चाकूरकरांची अडचण अशी की त्यांचे सर्वांत मोठे काम लातुरात उभे राहून दिसत नाही. मला त्याच कामाविषयी लिहायचे आहे.

वाट नेहमीचीच होती. उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, मुंबईत कायदा, मग लातूरचे नगराध्यक्षपद, आमदारकी. १९७७मध्ये ते विधानसभेचे उपाध्यक्ष झाले, पुढच्या वर्षी अध्यक्ष. लोकसभेत १९८० ते १९९९ असे सलग सात विजय. १० जुलै १९९१ रोजी ते लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा देशाचे गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण. एकमेकांना लागून असलेल्या दोन जिल्ह्यांकडे एकाच वेळी ही दोन पदे होती. मराठवाड्याला हे पुन्हा लाभलेले नाही.

पण अध्यक्षपद मतदारसंघाच्या दृष्टीने विचित्रच. त्या आसनावरचा खासदार प्रश्न विचारत नाही, चर्चेत बाजू घेत नाही, मत देतो तेही दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तो त्यांच्याच जिल्ह्यात. तरी सभागृहात उठून जिल्ह्यासाठी मागणी मांडणे हे अध्यक्षाचे काम नव्हे. ते इतरांनी करायचे आणि यांनी वेळ मोजायची.

त्याच वर्षी त्यांच्या कारकिर्दीतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट घडली. अर्थसंकल्पात प्रत्येक मंत्रालयाची मागणी सभागृहापुढे येते, पण सगळ्यांवर चर्चा करायला दिवस पुरत नाहीत. मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. संसदेच्या बोलीत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. हजारो कोटी रुपये असे मान तुटल्यासारखे मंजूर होत. १९८९मध्ये शेती, विज्ञान आणि पर्यावरण यांसाठी तीन समित्या झाल्या होत्या. १९९३च्या एप्रिलपासून चाकूरकरांच्या अध्यक्षतेखालच्या लोकसभेने राज्यसभेसह ती कल्पना सगळ्या मंत्रालयांपर्यंत नेली. सतरा स्थायी समित्या, प्रत्येकीत पंचेचाळीस सदस्य, तीस लोकसभेचे आणि पंधरा राज्यसभेचे. मंत्री त्यात नाहीत. अर्थसंकल्प मांडल्यावर काही आठवडे सभागृह थांबते आणि समित्या मंत्रालयांच्या सचिवांना समोर बसवून हिशेब विचारतात. ज्या खासदाराला सभागृहात पाच मिनिटे मिळायची मारामार, त्याला इथे जलसंपदेच्या सचिवाला खोदून खोदून विचारता येते. दार मात्र बंद असते, पत्रकार नसतात, त्यामुळे गावात त्याची बातमी येत नाही. उलट प्रश्नोत्तराचा तास १९९४च्या डिसेंबरपासून दूरचित्रवाणीवर दिसू लागला, आणि लोकांनी संसद ओळखली ती त्यातल्या गोंगाटावरून.

लातूरकरांनी चाकूरकरांना पाण्याचा, रेल्वेचा, रोजगाराचा प्रश्न विचारला. त्यात चूक काहीच नव्हते. २०१६मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २००४ला भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांचा पराभव केला. तरीही ते राज्यसभेतून गृहमंत्री झाले. २००८च्या दिल्ली बॉम्बस्फोटांनंतर त्यांनी एका संध्याकाळी किती वेळा कपडे बदलले याचीच चर्चा झाली, आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. गृहमंत्री म्हणून त्यांचे अपयश झाकण्याची मला गरज वाटत नाही. पण आज त्यांचे नाव काढले की पहिल्यांदा ते कपडेच आठवतात, हे मात्र खटकते.

२००९पासून लातूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. समित्या आता चोवीस आहेत, सदस्य प्रत्येकी एकतीस. मंत्रालयांच्या मागण्या अजून त्यांच्यापुढे जातात. विधेयकांचे तसे नाही : पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.