महाराजांच्या तोंडची शिवी

वऱ्हाडातल्या महाराजाला रायपूरच्या तुरुंगाची हवा खावी लागली, असं किमान दोनदा घडलं आहे. १९४२ साली चिमूर-आष्टीच्या उठावानंतर इंग्रज सरकारने तुकडोजी महाराजांना पकडलं आणि आधी नागपूर, मग रायपूरच्या कारागृहात ठेवलं. सरकारला धास्ती होती ती खंजिरीवरच्या त्यांच्या भजनांची. त्याआधी सहा वर्षं, १९३६ मध्ये, गांधीजींनी बोलावून घेतल्यावरून ते महिनाभर सेवाग्रामला राहून आले होते. दुसऱ्यांदा रायपूरच्या तुरुंगात गेले ते अकोल्याच्या जुन्या शहरातले अभिजित सराग, म्हणजेच कालीचरण महाराज. २६ डिसेंबर २०२१ रोजी रायपूरच्या धर्मसंसदेत त्यांनी त्याच गांधीजींना जाहीर शिवी हासडली आणि नथुराम गोडसेला हात जोडले.

तिथून पुढची तीन वर्षं अमरावती-अकोल्याच्या बाजूने नीट पाहण्यासारखी आहेत. धर्माच्या मंचावरून सुटलेली शिवी कुणाला पचते, कुणाला झोंबते आणि कधी, हे या काळात उघडं पडलं.

कालीचरण अकोलेकरांना नवे नव्हते. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ते उभे राहून पडले होते. देशाला ते माहीत झाले २०२० मध्ये, शिवतांडव स्तोत्र म्हणतानाच्या चित्रफितीमुळे. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं; त्याबद्दल दुमत नाही. त्यांच्या गावातले कावडधारी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णा नदीचं जे पाणी घालतात, ते जिथून भरून आणतात त्या गावाचं नाव गांधीग्राम आहे. शिवी देणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पुढे काय झालं? छत्तीसगडात काँग्रेसचं सरकार होतं. चार दिवसांत पोलिसांनी मध्य प्रदेशात खजुराहोजवळून, बागेश्वर धाम परिसरातून, त्यांना उचललं. त्यावर मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांची तक्रार होती ती आपल्या पोलिसांना न कळवता अटक कशी केली, याची. शिवीपेक्षा शिष्टाचार महत्त्वाचा ठरला. अकोल्यात गुन्हा नोंदला गेला. रायपूरच्या आठवडाभर आधी पुण्यात केलेल्या भाषणाबद्दल तिथेही गुन्हा दाखल झाला होता. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. काँग्रेसने ही अटक मिरवली खरी, पण त्या धर्मसंसदेचे एक संरक्षक महंत रामसुंदर दास हे काँग्रेसचेच माजी आमदार होते, आणि मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनाही समारोपाचं निमंत्रण होतं, हे सांगायला काँग्रेसमधून कुणी पुढे आलं नाही. धर्मसंसदेचा मंच सगळ्यांनाच हवा होता. त्यावरून काय बोललं जाईल याची फिकीर मात्र आधी कुणी केली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री संत तुकारामांविषयी घसरले. तुकोबांची बायको त्यांना मारायची, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. महाराष्ट्रात सगळ्या पक्षांनी एका सुरात निषेध केला आणि शास्त्रींनी काही दिवसांतच माफी मागितली. हे योग्यच झालं. पण असा एकमुखी निषेध गांधीजींच्या वाट्याला का आला नाही? तुकोबांच्या मागे वारी आहे, वारीत गावंच्या गावं चालतात आणि गावांत मतं असतात. गांधीजींच्या मागे आता सरकारी कार्यालयातली तसबीर तेवढी उरली आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या द्वेषपूर्ण भाषणांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय राज्यसंस्थेला ‘नपुंसक’ म्हणालं. एप्रिलमध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा. आणि जुलैच्या अखेरीस शिवप्रतिष्ठानचे संभाजी भिडे अमरावतीत आले.

बडनेरा रोडवरच्या मंगल कार्यालयात, म्हणजे जिथे एरवी लग्नाच्या पंगती उठतात तिथे, त्यांनी गांधीजींच्या वडिलांविषयी जे सांगितलं ते इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. आपल्याकडे भांडण विकोपाला गेलं की माणूस समोरच्याच्या आईबापावर घसरतो. त्यालाच इतिहासाचा मुलामा दिलेला होता. राजापेठ ठाण्यात कलम १५३-अ खाली गुन्हा नोंदला, काँग्रेसच्या यशोमती ठाकूर यांनी आवाज उठवला, विधानसभेत पृथ्वीराज चव्हाण यांनी विषय मांडला. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानाचा निषेध केला, कारवाईचं आश्वासनही दिलं. पण भिडेंना ‘गुरुजी’ कशाला म्हणता, असं विरोधकांनी विचारल्यावर, आम्हाला ते गुरुजी वाटतात, असं उत्तर आलं. त्याच चर्चेत त्यांनी काँग्रेसच्या ‘शिदोरी’ मासिकातला सावरकरांविषयीचा मजकूर बाहेर काढला. तो मजकूर काढण्याजोगा होताच. पण गांधीजींच्या अपमानाला सावरकरांचा अपमान लावून हिशेब बरोबरीत सोडवायचा, ही आपल्या सभागृहांची जुनी खोड आहे. रायपूरला चार दिवसांत अटक झाली, अमरावतीच्या भाषणाला अटक लागली नाही. दोन्हीकडे अपमान गांधीजींचाच होता. फक्त राज्य आणि सरकार वेगळं होतं.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. जून २०२२ मध्ये अमरावतीचे औषध विक्रेते उमेश कोल्हे यांचा दुकान बंद करून घरी जाताना गळा चिरून खून झाला. प्रेषित मुहम्मदांविषयी वादग्रस्त बोललेल्या नूपुर शर्मांच्या समर्थनाचा मजकूर त्यांनी पुढे पाठवला, हे त्यामागचं कारण असल्याचं तपासात पुढे आलं. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस गाझियाबादच्या यती नरसिंहानंदांनी प्रेषितांविषयी गलिच्छ शब्द वापरले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्यांच्यावर गुन्हा नोंदवा म्हणून जमाव नागपुरी गेट ठाण्यावर गेला. मागणी रास्त होती. मग दगड सुरू झाले, २१ पोलीस जखमी झाले आणि अमरावतीच्या बाराशे जणांवर गुन्हा दाखल झाला. बोलणारा शेकडो कोसांवर सुखरूप, आणि कोर्टाच्या तारखा गावच्या पोरांना.

कुणी म्हणेल, वऱ्हाडातले संत कुठे गोड बोलत होते? अगदी खरं. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं फटकळ बोलणं महानुभावांनी जपून लिहून ठेवलं आहे. गाडगेबाबा पाया पडायला आलेल्याला काठी हाणत. १९५६ साली वांद्र्याच्या पोलिसांसमोर त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बाबा प्रश्न टाकतात, लोकांकडून उत्तर काढून घेतात आणि त्याच उत्तरात त्यांना पकडतात. देवापुढे बकरं कापणारा, कर्ज काढून सण करणारा, पोराला शाळेत न घालणारा, असे सगळे समोर मांडी घालून बसलेले असतात आणि बोलणी त्यांनाच बसतात. ऐकणारा हसतो आणि खाली मान घालतो. आजच्या मंचावरची शिवी मात्र नेहमी गैरहजर माणसाला असते. तो मेलेला तरी असतो, नाहीतर दुसऱ्या मोहल्ल्यातला. समोर बसलेल्याला तिची काही झळ लागत नाही, म्हणून तर टाळ्या पडतात. गाडगेबाबांचा दाखला देऊन या तोंडाळपणाची वकिली करणाऱ्यांनी ते कीर्तन एकदा ऐकावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कालीचरण छत्रपती संभाजीनगरच्या सभेत बोलले. या वेळी मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे ‘राक्षस’ ठरले. मग मराठवाड्यात संताप उसळला. गांधीजींच्या वेळी ज्यांना ‘साधूचा आवेश’ दिसला होता, त्यांना आता महाराजांची जीभ खटकली. जीभ तीच होती. फक्त मतदान अवघ्या काही दिवसांवर होतं.

रायपूरच्या त्या सभेत, शिवी ऐकल्यावर महंत रामसुंदर दास माइकपाशी आले, निषेध केला आणि मंच सोडून निघून गेले. २०२३ मध्ये ते रायपूर दक्षिणमधून विधानसभेला उभे राहिले. पराभवाची कारणं बरीच असतील. पडले ते ६७ हजारांहून अधिक मतांनी.