तळपायावरचा कर्करोग आणि आयात केलेला पुरावा

एका रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीत मी काही वर्षे बिगर-वैद्यकीय सदस्य होतो. नव्या औषधाच्या चाचणीचे संमतिपत्र सामान्य रुग्णाला समजेल का, हे सांगणे माझे काम. एका बैठकीनंतर तिथल्या डॉक्टरांनी मला एका शेतमजुराची हकिगत सांगितली. तळपायावरचा काळा डाग काटा रुतल्याचा समजून त्याने दोन वर्षे त्यावर लेप लावले. निदान झाले तेव्हा मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता. मेलानोमावरील लशीची बातमी आली की मला तो न पाहिलेला तळपाय आठवतो.

ही लस रोग टाळण्यासाठी नाही, तर झालेल्या रोगावर आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे जनुकीय वाचन करून तिच्यातील उत्परिवर्तने शोधली जातात. त्यांपैकी जास्तीत जास्त ३४ खुणा निवडून त्या एमआरएनएच्या रूपात त्याच रुग्णाला टोचल्या जातात, जेणेकरून त्याच्या प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखता यावा. म्हणजे प्रत्येक रुग्णाची लस वेगळी. मॉडर्ना आणि मर्क यांच्या १५७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ काढूनही रोग उलटण्याचा मोठा धोका असलेले हे रुग्ण होते. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधासोबत लस मिळालेल्या १०७ जणांपैकी २४ जणांत रोग उलटला किंवा मृत्यू झाला. केवळ औषध मिळालेल्या ५० जणांत ही संख्या २० होती. आशा वाटावी असे हे आकडे आहेत, पण लहान चाचणीचे. म्हणूनच २०२३ मध्ये हजारांहून अधिक रुग्णांची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू करण्यात आली.

सावधगिरीला इतिहासाचाही आधार आहे. शरीरभर पसरलेल्या मेलानोमाच्या ६७६ रुग्णांवरील एका चाचणीत ‘जीपी१००’ ही लस आणि इपिलिमुमॅब हे औषध यांची तुलना झाली. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा औषधाने आयुष्य वाढल्याचे दिसले, लशीने त्यात काहीही भर घातली नव्हती. पुढे ‘मॅज-ए३’ ही लसही तेराशेहून अधिक रुग्णांवरील चाचणीत अपयशी ठरली. प्रयोगशाळेत दोन्ही आशादायक होत्या. त्यांचे खरे मोल कळले ते चाचणीमुळेच.

भारतासाठी प्रश्न याहून पुढचा आहे. गोऱ्या त्वचेच्या लोकांतील मेलानोमा बहुतांशी उन्हातील अतिनील किरणांमुळे होतो आणि त्याच्या पेशींत उत्परिवर्तनांची गर्दी असते. आपल्याकडे मुळात हा रोग विरळा; आणि होतो तेव्हा त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखालच्या ‘अ‍ॅक्रल’ प्रकाराचा असतो. त्यात उन्हाचा हात फारसा नसतो आणि उत्परिवर्तनेही बरीच कमी असतात. ज्या लशीची सारी मदार उत्परिवर्तनांतून निवडलेल्या खुणांवर आहे, तिला इथे निवडीस वावच कमी. याचा अर्थ ती निरुपयोगी ठरेल असा नाही. पण तिचे यश गृहीतही धरता येत नाही.

इथे धोरणाचा संबंध येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने आदेश काढून अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही वर्गांतील औषधांना भारतातील चाचण्यांतून सूट देण्याची वाट मोकळी केली. दुर्मीळ आजारांवरील आणि प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस औषधे त्यांत येतात. हेतू रास्त आहे. मरणाच्या दारातील रुग्णाला वर्षानुवर्षे थांबवून ठेवणे अमानुषच. परंतु ज्या २०१९ च्या नियमावलीवर ही सूट उभी आहे, तिच्यातच एक अट आहे : भारतीय रुग्णांत औषधाची सुरक्षितता वा परिणामकारकता बदलेल असा घटक ज्ञात नसावा. अ‍ॅक्रल मेलानोमा हा नेमका तसा घटक आहे.

चाचण्यांविषयी आपल्या मनात अढी आहे, ती अकारण नाही. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात संमती कशी घेतली गेली, यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कठोर ताशेरे ओढले. त्यातून भरपाई आणि संमतीचे नियम कडक झाले, हे चांगलेच झाले. मात्र ‘चाचण्याच नकोत’ हा धडा चुकीचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅबची मात्रा नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी करून पाहिली. एक वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. परवडणाऱ्या मात्रेचा हा प्रश्न आपण विचारला नसता, तर तो कोणत्याही बड्या कंपनीने विचारला नसता.

म्हणून सूट द्यायचीच तर सशर्त द्यावी. नियमांतील चौथ्या टप्प्याच्या चाचणीचे हमीपत्र कागदावर राहू नये. अ‍ॅक्रल रुग्णांचे निष्कर्ष वेगळे नोंदवून ठरावीक मुदतीत जाहीर करणे बंधनकारक करावे. एका रुग्णालयात असे रुग्ण मोजकेच येतात. ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’शी तीनशेहून अधिक संस्था जोडलेल्या आहेत, त्यांनी सामाईक नोंदवही ठेवावी. एमआरएनए लस बनवण्याचे कौशल्य पुण्यात कोविडकाळातच सिद्ध झाले. ते सार्वजनिक पैशाने या कामी लावता येईल.

संमतिपत्रात एक वाक्य हमखास असते : ‘या उपचाराचा तुम्हाला लाभ होईलच असे नाही.’ चाचणीत सामील होणाऱ्याला आपण हे प्रामाणिकपणे सांगतो. सूट मिळालेले औषध लाखो रुपये मोजून घेणाऱ्यालाही ते सांगायला हवे. त्याच्या तळपायावरच्या रोगाविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, या त्याच्या प्रश्नाला उत्तर देता यावे, एवढी तयारी सरकारने मंजुरीच्या आधीच करायला हवी.